जावयाचा मोरपंखी स्वेटर

आमच्या घरात चार माणसं राहतात आणि उरलेल्या जागेत लोकर राहते.

ही काही तक्रार नव्हे, कारण ती लोकर माझीच आहे. दिवाणाच्या पोटात लोकर, कपाटाच्या माथ्यावर लोकर, माहेरहून आलेल्या तांदळाच्या पिंपात लोकर. (तांदूळ आता पिशवीतच असतात. त्यांनी समजून घेतलंय.) थंडीत कूलर रिकामाच असतो, म्हणून त्यातही लोकर. एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या ह्यांनी आत न बघता कूलर सुरू केला. सबंध हॉलभर गुलाबी मिशा उडाल्या! ह्यांच्या चहात, टीव्हीवर, आत्याबाईंच्या अंबाड्यात. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मूळच्या नामपूरच्या. एरवी त्या आमच्यासारखंच बोलतात, पण संतापल्या की थेट अहिराणीत शिरतात.

"हाई काय शे?" अंबाड्यातून गुलाबी धागा ओढत त्या गरजल्या.

"लोकर आहे आत्याबाई. बाळंतविड्यासाठी आणलेली."

"कोणाच्या?"

तेवढं ठरायचं होतं.

लोकांना वाटतं मी उगाच साठवते. साफ चूक! मेनरोडच्या दुकानातून मी एकही गुंडा विचार केल्याशिवाय उचलत नाही. प्रत्येक गुंड्यामागे माझा पक्का बेत असतो. लिंबू रंगाची लोकर आमच्या प्रज्ञाच्या बालवाडीच्या गॅदरिंगसाठी, निळी तिच्या कॉलेजसाठी. आता प्रज्ञा, आमची एकुलती एक मुलगी, बालवाडी ओलांडून, कॉलेज ओलांडून नोकरीला लागली. लोकर अजून बालवाडीतच आहे, त्याला मी काय करू? घाईघाईत विणून रंग वाया घालवायचा का? कोणत्या रंगाला वेणी शोभेल, कुठल्याला जाळी, बाही अर्धी की पूर्ण, हे आधी ठरवायला नको? मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. निर्णय न घेता फाइल पुढे कशी ठेवायची, हे मी सरकारी अनुदानावर शिकले आहे.

तर, प्रज्ञाचं लग्न ठरलं. मुलगा देवळाली कॅम्पचा, निखिल. हिमाचलात कुठल्याशा धरणाच्या कामावर इंजिनिअर. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, छाती अशी की शर्टाच्या गुंड्या सतत सावधान स्थितीत. आई शोभाताई, अगदी हसतमुख. पहिल्याच भेटीत मी शोभाताईंना एक मोरपंखी स्टोल दिली. माझ्या हातून पूर्ण झालेली ती त्या दशकातली एकमेव वस्तू. खरं तर तो आत्याबाईंचा स्वेटर व्हायचा होता. पण आत्याबाई म्हणाल्या, मला असला भडक रंग नको. तोवर नुसतीच लांबी वाढली होती, तिची स्टोल झाली.

"सगळं हातानं विणलंय हो ताई," मी तीनदा सांगितलं. (पहिल्या दोन वेळेला त्यांनी ऐकलं होतं.)

शोभाताईंनी ती लगेच खांद्यावर घेतली. सगळे वा वा म्हणाले. मला आयुष्यात एवढी दाद कधी मिळाली नव्हती, त्यामुळे माझं डोकं हललं. तेवढ्यात निखिल म्हणाला, "तिकडे आत्ताच बर्फ पडायला लागलाय. जाडजूड स्वेटर घ्यावा लागेल एखादा."

"घ्यायचा कशाला?" माझं तोंड म्हणालं. "मी विणते की! लग्नात घालायला तयार!"

ह्यांच्या घशात पोहे अडकले. प्रज्ञाने डोळे मिटून घेतले. आत्याबाईंनी शांतपणे विचारलं, "कोणाच्या लग्नात?"

पण शोभाताईंचे डोळे भरून आले होते. "जावयासाठी सासूबाई स्वतः विणणार! आमच्या कॅम्पातल्या सगळ्या बायकांना सांगते मी!"

आणि त्यांनी सांगितलं. त्यामुळे परतीचे दोर कापले गेले.

दुसऱ्याच रविवारी मी सगळी लोकर बाहेर काढली. हॉलमध्ये गठ्ठे रचले, रंगाप्रमाणे, जाडीप्रमाणे, मग पुन्हा रंगाप्रमाणे. बाथरूमकडे जायला एक पायवाट ठेवली होती, पण नंतर राखाडी रंग निघाला आणि ती बुजली. आत्याबाई पलंगावर अडकून पडल्या. त्यांना चहा आम्ही झेलत झेलत पोचवला.

आमचे हे अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. मशिनचा सुटा भाग केसभर जास्त झाला तरी ते तो नापास करतात. ते पट्टी-पेन्सिल घेऊन मैदानात उतरले. "आधी ड्रॉइंग. ड्रॉइंगशिवाय माल बनत नाही."

"स्वेटर आहे हो, नटबोल्ट नाही."

"म्हणूनच तुझा एकही पूर्ण होत नाही!"

त्यांनी स्वेटरचं ड्रॉइंग काढलं. समोरून, बाजूने आणि वरून. वरून बघितल्यावर तो स्वेटर हुबेहूब वॉशरसारखा दिसत होता.

आत्याबाई म्हणाल्या, पांढरा कर, आपल्याकडे लग्नात पांढरंच असतं. प्रज्ञा म्हणाली, कोळशासारखा राखाडी कर, आजकाल तेच चालतं. मी म्हणाले, माझ्या मनात वेणीची नक्षी, गळ्याशी बर्फाची फुलं आणि मागे दोन हरणं आहेत.

"हरणं कशाला?" प्रज्ञा किंचाळली.

"हिमाचलात असतात ना!"

"आई, तो तिथे धरण बांधतोय. मागे धरण विणणार आहेस का?"

कल्पना वाईट नव्हती. मी दोन दिवस तिच्यावर घालवले.

असा विचार करता करता दिवाळी आली आणि गेली. मी सुईवर टाके घालून वीतभर नमुने विणत होते आणि उसवत होते. प्रत्येक नमुना आदल्यापेक्षा चांगला वाटे आणि पुढच्यापेक्षा वाईट. शेवटी निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या, प्रज्ञाने हॉलच्या मधोमध उभं राहून "आई, मी उघड्या अंगाच्या माणसाशी लग्न करायला तयार आहे, पण हे बंद कर!" असं जाहीर केलं, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात थबकल्या. त्याच क्षणी मी निर्णय घेतला. मोरपंखी! दिवाणाखाली त्या एकाच रंगाचा भरगच्च ढीग होता. हरणं रद्द, बर्फ रद्द, नुसती सुलट-उलट वीण आणि मध्ये एक वेणी.

आता माप.

"मी मेसेज करून विचारते त्याला," प्रज्ञा म्हणाली.

"लग्नाआधी मुलीने मुलाच्या छातीचं माप विचारायचं?"

"आई, तो रजेवर आला की आम्ही सिनेमाला जातो."

"सिनेमाला जा. माप नको."

खरं कारण वेगळं होतं. 'सासूबाई नुसत्या नजरेने माप ओळखतात' असं शोभाताई कॅम्पात सांगून बसल्या होत्या. (मी त्यांना तसं सांगितलं होतं.) यावर ह्यांनी उपाय काढला. निखिल आई-वडिलांबरोबर जेवायला येणारच होता. हे त्याला दारातच प्रेमाने मिठी मारणार, हात तसेच गोल ठेवून स्वयंपाकघरात येणार आणि मी त्या गोलाच्या आतून टेप फिरवणार.

"जमेल?" मी विचारलं.

"आयुष्य गेलं मोजमापात," हे म्हणाले.

मंडळी आली. "जय भीम, जय भीम" झालं. ह्यांनी निखिलला मिठी मारली. मारली ती सोडेचनात! तो बिचारा आधी हसला, मग गप्प झाला, मग त्याने प्रज्ञाकडे मदतीसाठी बघितलं. शेवटी हे बाजूला झाले आणि हात तसेच समोर गोल धरून, अदृश्य पिंप उचलल्यासारखे, स्वयंपाकघराकडे निघाले. मी टेप घेऊन दाराआड तयार होते. एवढ्यात बेसिनकडून हात पुसत सुभेदारसाहेब आले. समोर व्याही दोन्ही हात पसरून उभे!

"अरे वा, अशोकराव! क्या बात है!"

धप्प असा आवाज मी आतून ऐकला.

थोड्या वेळाने हे आत आले. हात गोलच होते. चष्मा तिरका झाला होता.

"काय झालं?"

"काही नाही. मोज लवकर, हात दुखतायत."

"माप सरकलं नाही ना?"

"मी क्वालिटीत आहे, सुषमा."

मी मोजलं. आकडा मला जरा भरभक्कम वाटला, पण धरणावरची मुलं, खात असतील दाबून!

मग मात्र मी झपाटल्यासारखी विणत सुटले. शाळेच्या सुट्टीत, रिक्षात, भाजी शिजेपर्यंत. पाठ पूर्ण झाल्यावर मी ती आत्याबाईंसमोर पसरली.

"गोधडी बरी झाली," त्या म्हणाल्या.

"स्वेटरची पाठ आहे ती!"

"बैलाच्या?"

प्रज्ञाने ती उचलून दोन्ही हात ताणले, तरी कडा खाली लोंबतच राहिल्या. "आई, यात निखिल दोनदा मावेल."

"लग्नानंतर मुलं भरतात," मी म्हणाले, आणि विणत राहिले.

पुढची बाजू झाली. डावी बाही झाली. उजवी बाही कोपरापर्यंत आली आणि मी सवयीने पिशवीत हात घातला. पिशवी रिकामी! दिवाण उघडला. कपाट, पिंप, कूलर सगळं धुंडाळलं. घरात इतकी लोकर की तिच्यात माणूस हरवावा, आणि मोरपंखी एक धागा नाही! लग्न तर पुढच्याच आठवड्यात आलेलं.

मी विणलेला तुकडा घेऊन मेनरोडला धावले. दुकानदाराने गुंडा काढून शेजारी ठेवला. "घ्या मॅडम, सेम टू सेम." ट्यूबलाइटखाली खरंच सेम होता. बाहेर उन्हात आणला तर शुद्ध पोपट! परत गेले. "तो लॉट आता येत नाही मॅडम. पण हाही गोड दिसतो." (गोड दिसतो हे खरं. म्हणून ते गुंडे मी घेऊन ठेवले. कशासाठी, ते ठरवायचं होतं.)

घरी येऊन मी कपाळावर हात मारला, आणि तो हात तिथेच राहिला. एवढी लोकर गेली कुठे, ते आठवलं होतं. ती देवळाली कॅम्पमध्ये, शोभाताईंच्या खांद्यावर होती!

"दिलेली वस्तू परत मागणार? विहिणीकडे? लग्नाच्या तोंडावर?" हे म्हणाले.

"मागणार नाही. नुसती नीट करून द्यायला म्हणून आणायची. कडेचे टाके सैल झाले असतील असं सांगायचं. लग्न झालं की नवी विणून द्यायची."

"कोणाचं लग्न झालं की?" आत्याबाईंनी विचारलं.

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. हॉलचं आणि जेवणाचं ठरवायचंय असं सांगून आम्ही दोघं स्कूटरवरून कॅम्पात पोचलो. चहा झाला, चिवडा झाला, हॉलच्या खुर्च्या मोजून झाल्या. मग मी अगदी सहज विचारलं, "ताई, ती आपली स्टोल कशी आहे?"

शोभाताईंनी आणि सुभेदारसाहेबांनी एकमेकांकडे बघितलं.

"ती ड्रायक्लीनला दिलीय," शोभाताई म्हणाल्या.

"ट्रंकेत ठेवलीय," त्याच क्षणी सुभेदारसाहेब म्हणाले.

निखिल उठला आणि खिडकीतून बाहेर असं बघू लागला, जणू तिकडे धरण फुटलंय.

"म्हणजे ड्रायक्लीन करून ट्रंकेत," शोभाताईंनी सावरलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. आणि नेमक्या त्याच वेळी व्हरांड्यातून, म्हातारपणाने झुलत झुलत, त्यांचा कुत्रा आत आला.

कुत्र्याचं नाव मेजर. सुभेदारसाहेबांनी ते मुद्दाम ठेवलं होतं. ("नोकरीभर मेजरचं ऐकलं. आता मेजर माझं ऐकतो.") मेजर जाडा होता, संधिवाताने वाकला होता, आणि पोटाखालून घेऊन पाठीवर सेफ्टी पिनने टाचलेली माझी मोरपंखी स्टोल त्याने ऐटीत पांघरली होती.

मेजर खोलीच्या मधोमध बसला आणि त्याने जांभई दिली.

"रंग छान दिसतो," हे म्हणाले.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यांनी चिवड्याकडे बघितलं.

शोभाताईंचा बांध फुटला. "अहो सुषमाताई, काय सांगू! मी ती खुर्चीवर ठेवली होती. ह्याला थंडी बाधते हो म्हातारपणी. ह्यानं ओढून घेतली आणि तिच्यावर झोपला. काढायला गेलं की गुरगुरतो. रात्रभर कण्हायचा पूर्वी, आता निवांत झोपतो. मला इतकी लाज वाटतेय…"

खरं म्हणजे मी दुखावले जायला हवं होतं. जिला मी तीनदा 'हातानं विणलंय' म्हणून सांगितलं, तिने ती कुत्र्याला नेसवली! दुसरी एखादी बाई तिथून ताडकन उठून गेली असती. पण मला अपमान वाटून घ्यायला वेळच नव्हता. मी मेजरकडे टक लावून हिशेब करत होते: ह्या टोकाला बाही, उरलेल्यात मनगटाची पट्टी.

"काढा ती!" मी म्हणाले. आवाज जरा चढलाच.

"सुषमा, शांत हो," हे घाबरून म्हणाले.

"मी शांतच आहे! मला ती आत्ताच्या आत्ता हवी आहे!"

शोभाताई रडायलाच लागल्या. "ताई, रागावू नका हो! माझ्या चुकीचा राग मुलांवर नका काढू!" निखिलने खिशातून फोन काढला. पलीकडून प्रज्ञाचा "हॅलो" मला स्पष्ट ऐकू आला, आणि निखिल दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, तुझी आई आमच्या कुत्र्याचे कपडे काढायला सांगतेय."

माझ्या मुलीचं लग्न असं डळमळत असताना सुभेदारसाहेबांनी सूत्रं हातात घेतली. "मेजर! सावधान!"

मेजर आडवा झाला.

त्यांनी वाकून पिन काढायला हात घातला. तो थंड हात लागला मात्र, गेल्या कित्येक वर्षांत पळाला नसेल असा मेजर उसळला आणि दारातून सुटला! स्टोलचं एक टोक फाटकाच्या कडीत अडकलं. शेवटची गाठ मी नीट मारलेली नव्हती. (मी ती कधीच नीट मारत नाही.) टाका सुटला, आणि पुढे मेजर, मागे धागा, सर्र सर्र सर्र, सबंध स्टोल उसवत तो गल्लीभर धावत सुटला.

"हॉल्ट! मेजर, हॉल्ट!" सुभेदारसाहेब मागे धावले. शेजारचे दोन निवृत्त गृहस्थ आरामखुर्चीतून आपोआप उठून उभे राहिले. भाजीच्या गाडीला एक वेढा, विजेच्या खांबाला एक वेढा, कोणाच्या तरी लावलेल्या सायकलीतून आरपार! आणि त्या सगळ्या गोंधळात, फाटकापासून सुरुवात करून, मी गुंडा गुंडाळत निघाले. उसवायचे कष्ट तर वाचलेच होते, आता लोकर मातीत मळू देऊन कसं चालेल? मी खांब सोडवला. सायकल सोडवली. भाजीवाली म्हणाली, "बाई, मेथीत बी गेलाय दोरा," तर मी मेथीही उलगडली.

शोभाताई डोळे पुसत मागून धावत आल्या. "सुषमाताई, हे काय करताय? एवढा राग? धागा न् धागा परत नेणार?"

मी थांबले. हातात नारळाएवढा गुंडा, पदराला मेथीची पानं, एक चप्पल मागे खांबापाशी. आता नजरेने माप ओळखणाऱ्या सासूबाईंचा आब टिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"राग नाही हो ताई. निखिलच्या स्वेटरला एक बाही कमी पडतेय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग गुंड्याकडे. मग गल्लीच्या टोकाला, जिथे सुभेदारसाहेब मेजरला उचलून आणत होते. मेजरच्या अंगावर आता फक्त सेफ्टी पिनपुरती कड उरली होती आणि चेहऱ्यावर कोर्ट मार्शलचा संताप. शोभाताई जवळच्या पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. अशा हसल्या की भाजीवालीने त्यांना पाणी दिलं. मग मीही बसले. आम्ही दोघी रडत होतो की हसत होतो, हे गल्लीला कळेना. हे फाटकापाशी उभे राहून फोनवर प्रज्ञाला सांगत होते, "नाही नाही, मोडलं नाही. उसवलं फक्त."

ती लोकर मी शाम्पूने दोनदा धुतली. वास थोडा राहिलाच. उजवी बाही लग्नाच्या आदल्या दुपारी पूर्ण झाली.

लग्न साधंच होतं. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले. सकाळचा गारठा एवढा की भंतेजीही चीवर आवळून बसले होते. त्यांचं आशीर्वादाचं बोलणं सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांसमोर निखिलला स्वेटर दिला. गुणी मुलगा! त्याने तो तिथेच कुर्त्यावर चढवला. खांदे कोपरापर्यंत आले, खालचा काठ गुडघ्याशी गेला, आणि दोन्ही हात बाह्यांत कुठेतरी नाहीसे झाले.

"खूप ऊबदार आहे, आई," तो आतून म्हणाला.

लग्नाला मेजरही आला होता. (घरचा माणूस, त्याला कसं वगळणार?) तो दाराशी पडून होता. एकाएकी त्याचं नाक हललं. तो उठला, पाहुण्यांमधून वाट काढत व्यासपीठावर चढला, डावी बाही हुंगून सोडून दिली, उजवी हुंगली, आणि ती तोंडात धरून नवरदेवाच्या पायाशी आडवा झाला. भंतेजी सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्री बाळगण्याबद्दल सांगत होते. समोर सगळे हसू दाबून बसले होते. निखिलला आहेर घ्यायला उठता येईना. शेवटी आहेर देणारेच वाकून आधी मेजरला आणि मग त्याला नमस्कार करू लागले. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत नवरा आहे, नवरी आहे, आणि बाहीला लटकलेला कुत्रा आहे.

जेवणाच्या वेळी सुभेदारसाहेबांनी मार्ग काढला. "इधर ला बेटा." त्यांनी स्वेटर घेतला आणि अंगात घातला. खांदा खांद्यावर, वेणी छातीच्या बरोबर मध्ये, मनगट मनगटावर. शिंप्यानेही हात टेकले असते!

"अहो," मी हळूच ह्यांच्याकडे वळले. "त्या दिवशी धप्प आवाज झाला, तो कसला?"

हे हॉलच्या छताची पाहणी करत होते. "क्वालिटीत," ते म्हणाले, "अशा वेळी माल दुसऱ्या गिऱ्हाइकाला वळवतात."

प्रज्ञा-निखिल हिमाचलला गेले. जाताना त्यांनी स्टेशनजवळच्या दुकानातून दोन तयार स्वेटर घेतले, हे मला कोणी सांगितलं नाही, पिशवी दिसली. इकडे मेजर पुन्हा थंडीने कण्हू लागला, म्हणून शोभाताईंचा फोन आला. मला भरून आलं. मी तशीच पोपटी लोकर उचलून कॅम्पात गेले. काय विणायचं, कशात विणायचं, काही ठरवलं नाही; तेवढी सवड मेजरकडे नव्हती. सुभेदारसाहेबांनी त्याला धरला, मी सरळ टेप लावून माप घेतलं, आणि आठवडा संपायच्या आत चार पायांचा स्वेटर तयार! अंगावर असा बसला की कॅम्पातली माणसं थांबून बघायला लागली. बघता बघता शेजारच्या लॅब्रॅडॉरचा झाला, पलीकडच्या दोन पामेरिअनचे झाले. पिंपाचा तळ दिसू लागला. आत्याबाईंनी त्यात तांदूळ ओतून घेतले.

परवा शाळेत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"कुत्र्यांचे स्वेटर विणणाऱ्या मॅडम का?" एका बाईंनी अदबीने विचारलं. "तुमचं फार नाव ऐकलंय. आमच्याकडे एका माणसाचा विणायचा होता. जमेल का?"

मी खुर्चीत जरा ताठ बसले.

"नाही हो," मी म्हणाले. "माणसांचं काम मी घेत नाही."